रिसीव्हर पाठीकडून बघावा

होम थिएटरचा रिसीव्हर दुकानात तोंड पुढे करून मांडलेला असतो. काळी पेटी, मधोमध आवाजाची मोठी गोल चकती, वर उजळणारे आकडे. गिऱ्हाईक तेवढं बघतं आणि किंमत विचारतं. माझ्याकडे हीच पेटी बंद पडल्यावर येते. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. यंत्र टेबलावर आलं की आधी पाठ बघायची, मग झाकण उघडायचं, अशी माझी रीत. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की पहिल्यांदा रिसीव्हर घेणाऱ्यानंही तो पाठीकडून बघावा. पुढच्या बाजूला जाहिरात असते. यंत्र काय करू शकतं, किती सोसू शकतं आणि तुमच्या घरात चालेल की नाही, हे मागच्या पत्र्यावर छापलेलं असतं.

रिसीव्हर करतो काय, हे थोडक्यात सांगतो. सेट-टॉप बॉक्स, फायर स्टिक, गेमचं यंत्र यांच्या केबल त्याच्या पाठीत येतात आणि चित्र तिथून टीव्हीकडे जातं. आवाज मात्र तो स्वतःकडे ठेवतो. केबलमधून आलेला आवाज गुंडाळलेला असतो. तो उलगडून संवाद कुठल्या स्पीकरला द्यायचे, मागचा पाऊस कुठल्याला, स्फोटाची घरघर कुठल्याला, ही वाटणी तो करतो. शेवटी प्रत्येक स्पीकर हलवायला लागणारी ताकद पुरवतो. ५.१ म्हणजे असे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. हा प्रकार सिनेमागृहातून घरात आला. डॉल्बी डिजिटलमध्ये आलेला पहिला सिनेमा १९९२ चा ‘बॅटमॅन रिटर्न्स’. पुढच्याच वर्षी ‘ज्युरासिक पार्क’ डीटीएसमध्ये आला. आज तीस-पस्तीस हजारांच्या रिसीव्हरमध्ये हे दोन्ही प्रकार उलगडण्याची सोय असतेच, त्यामुळे पुठ्ठ्याच्या खोक्यावरच्या त्या खुणा पाहून हुरळून जायचं कारण नाही.

गेल्या पावसाळ्यात कागलहून एक शिक्षक जोडपं माझ्याकडे आलं. घराचं कर्ज फिटत आलेलं, हातात सत्तर हजार साठलेले. सर म्हणाले, “काका, एवढ्यात सगळं बसवायचंय. एक हजार वॅटचा सेट मिळतोय म्हणतात.” मॅडमचं म्हणणं निराळंच होतं. “आईंना सिनेमातलं बोलणं कळत नाही हो. गाणं लागलं की आवाज कमी करा, बोलायला लागले की वाढवा. रिमोट हातातनं सुटत नाही.”

मला मॅडमचं बोलणं मोलाचं वाटलं, कारण होम थिएटर घेण्याचं याहून खरं कारण नाही. टीव्ही जसजसे पातळ झाले तसतशी त्यांतल्या स्पीकरची जागा गेली. आता ते खालच्या कडेला असतात आणि त्यांची तोंडं जमिनीकडे किंवा मागच्या भिंतीकडे वळलेली असतात. नट पडद्यावर आपल्याकडे बघून बोलतो आणि त्याचा आवाज भिंतीवर आपटून, फरशीवर आपटून आपल्यापर्यंत येतो. वयस्क कानांना त्यातली व्यंजनं ऐकू येत नाहीत. त्यात टीव्ही पाच वाटांनी आलेला आवाज दोन वाटांत कोंबतो, म्हणजे संवादाच्या अंगावर संगीत पडतं.

५.१ मध्ये संवादाला स्वतःची वाट आहे, ती म्हणजे मधला स्पीकर. दुकानदार त्याला सेंटर म्हणतात. सिनेमातलं बहुतेक बोलणं त्याच्यातून येतं. १९३२ साली आमच्या कोल्हापुरात प्रभात कंपनीनं ‘अयोध्येचा राजा’ केला, मराठीतला पहिला बोलपट. तेव्हा सगळा आवाज एकाच वाटेनं पडद्यापाशी यायचा आणि लोकांना राजा पडद्यातून बोलताना दिसायचा. पुढे वाटा वाढल्या, आवाज खोलीभर पसरला, पण बोलणं पडद्याच्या मध्यावरून आलं पाहिजे ही गरज तशीच राहिली. म्हणून मी सांगतो, पैसे कमी असतील तर मागचे दोन स्पीकर पुढच्या वर्षी घ्या, मधला आजच घ्या. रिसीव्हरच्या मेन्यूत मधल्या स्पीकरचा आवाज बाकीच्यांपेक्षा दोन-तीन डेसिबल चढा ठेवता येतो. कागलच्या आजींना लागणारं औषध तेवढंच होतं.

आता वॅट. ज्यांनी १९९० च्या दशकात टेप-रेकॉर्डर घेतले त्यांना पीएमपीओ ही अक्षरं आठवत असतील. प्लास्टिकच्या लहानशा यंत्रावर दोन-दोन हजार वॅट पीएमपीओ असं चकचकीत स्टिकर असायचं. त्या आकड्याला मोजमापाची कुठलीही सर्वमान्य पद्धत नव्हती, क्षणभर निघू शकणाऱ्या ताकदीचा तो फुगवलेला अंदाज असायचा. ते स्टिकर गेलं, पण खोड पूर्ण गेली नाही. आज चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकातही एकाच रिसीव्हरचे दोन-तीन आकडे असतात. मोठा आकडा ‘एक चॅनेल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती’ अशा अटीवर काढलेला असतो. म्हणजे बाकी सगळे स्पीकर गप्प, एकच सूर, आणि आवाज फाटेपर्यंत ताणलेला. खाली बारीक अक्षरांत दुसरा आकडा सापडतो: ‘दोन चॅनेल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’, आणि विकृती एका टक्क्याच्याही खूप आत. एकाच यंत्रासाठी वरचा आकडा १३० आणि खालचा ७० असू शकतो. तुलना करायची ती खालच्या आकड्यांची, आणि दोन्हीकडे अटी सारख्या असतील तरच.

त्या ७० मध्येही एक गोष्ट लपलेली आहे. पेटीच्या आत ट्रान्सफॉर्मर एकच असतो. टाकी एक आणि नळ पाच असा मामला आहे. दोन नळ सोडले तर धार जोरात येते, पाचही सोडले की प्रत्येकाची कमी होते. म्हणून पाच गुणिले १३० करून सहाशे-साडेसहाशे वॅट सांगणाऱ्या विक्रेत्याकडून माहिती घेऊ नये. पेटी उचलून बघा, हा माझा जुना उपाय. आत पारंपरिक ट्रान्सफॉर्मर असलेल्या दोन यंत्रांपैकी जड असलेल्याचा ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता झटकणारा पत्रा बहुधा मोठा असतो.

सरांना मी विचारलं, “खोली केवढी?” अकरा बाय चौदा फूट. सोफा टीव्हीपासून साधारण तीन मीटरवर. अशा खोलीत एखादा वॅटसुद्धा बराच आवाज करतो. स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून ८७ डेसिबल असं काही लिहिलेलं असतं. एक वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज मिळेल, असा त्याचा अर्थ. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. त्यामुळे ७० वॅटऐवजी १०० वॅटचं यंत्र घेतलं तर पदरात दीड डेसिबल पडतो, जो चित्रपट बघताना जाणवणारसुद्धा नाही. उलट ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर निवडला तर तोच रिसीव्हर दुप्पट ताकदीचा असल्यासारखा वाजतो, आणि त्याला एक वॅटही जास्त लागत नाही. माझ्या अनुभवात मध्यमवर्गीय दिवाणखान्यात वॅट कमी पडले असं क्वचित होतं. स्पीकर हलके पडतात, हे मात्र नेहमीचं.

म्हणून सत्तर हजारांची वाटणी मी अशी सुचवली: रिसीव्हर तिसाच्या आसपास, पुढचे दोन आणि मधला मिळून पंचवीस, उरलेल्यात सबवूफर. मागचे दोन स्पीकर बोनस मिळाला की. स्पीकर वीस वर्षं वाजतात. रिसीव्हरमधलं केबल-जोडणीचं तंत्र पाच-सात वर्षांत जुनं होतं. जुनं होणाऱ्या वस्तूवर जास्त पैसे घालू नयेत.

आता पेटी फिरवा.

पहिली पाटी विजेची. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. न्यू जर्सीहून येणारे भाऊ-बहीण तिकडे स्वस्त मिळाला म्हणून रिसीव्हर सामानात घालून आणतात आणि पाठीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं कुणी वाचत नाही. तो आपल्या सॉकेटला सरळ लावला की गेलाच. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण तो चांगल्या क्षमतेचा लागतो, म्हणजे आणखी एक जड, गुंगुं करणारा डबा, आणि इथं वॉरंटी नाही ती नाहीच. पेठेत ‘इंपोर्टेड माल’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या यंत्राचीही हीच पाटी आधी वाचा.

दुसरं, एचडीएमआयच्या खाचा. येणाऱ्या किती आहेत मोजा, पण जाणाऱ्या खाचेवर एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलंय का, हे जास्त लक्ष देऊन बघा. आज बरेच लोक सिनेमे टीव्हीतल्याच ॲपवर बघतात. तो आवाज टीव्हीतून उलटा रिसीव्हरकडे यायला हवा. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून त्याच केबलमधून आवाज परत पाठवण्याची सोय झाली, तीच एआरसी. ऑनलाइन सिनेमांचा दाबलेला ५.१ आवाज तिला पुरतो, त्यात बसवलेला डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे वरूनही आवाज आणणारा प्रकार, तोसुद्धा जातो. ई-एआरसी नंतरची आणि रुंद वाट, ब्ल्यू-रे डिस्कचा न दाबलेला आवाज टीव्हीमार्गे आणायचा असेल तर ती लागते. टीव्हीच्या पाठीवरही एआरसी लिहिलेली खाच बहुधा एकच असते आणि केबल तिच्यातच लावायची असते. एवढं करूनही मागचे स्पीकर गप्प असतील तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ वर आहे का बघा. ते ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ वर न्या. बिघडला म्हणून माझ्याकडे आणलेले कितीतरी रिसीव्हर असे निरोगी निघतात. टीव्ही जुना असेल, एआरसी नसेल, तर ऑप्टिकल केबल लावा. डॉल्बी डिजिटल ५.१ तिच्यातून छान येतं, ॲटमॉस येत नाही.

घरात पोरांचं प्लेस्टेशन ५ असेल तर दुकानदार एचडीएमआय २.१ वाल्या महागड्या मॉडेलकडे ओढेल. त्याची गरज सहसा नसते. यंत्र सरळ टीव्हीला लावा, चित्र तिथं पूर्ण गुणवत्तेचं दिसेल आणि आवाज एआरसीनं रिसीव्हरकडे येईल.

तिसरं, स्पीकरच्या तारा अडकवायच्या जागा. काही स्वस्त यंत्रांत पुढच्या दोन स्पीकरना फिरकीचे टर्मिनल असतात आणि मधल्या-मागच्यांना दाबायच्या क्लिपा. क्लिप चालते, पण तिच्यात जाड तार बसत नाही आणि तारेचा एखादा केस बाहेर राहिला तर शेजारच्या क्लिपला चिकटतो. मग यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडतं, पुढच्या बाजूला दिवा लुकलुकत राहतो. पाचही जागी फिरकी असलेलं मॉडेल थोडं महाग मिळालं तरी घ्या. तार १६ गेजची, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार ढीगभर असते. टोक कापून सुरीनं खरवडलं की आतला पांढरा रंग दिसतो.

त्याच टर्मिनलजवळ ओहमचा आकडा छापलेला असतो. बऱ्याच पेट्यांवर ६ ते १६. इथं मी थांबून सांगतो, कारण घरोघरी माळ्यावर जुना डीव्हीडीवाला ५.१ सेट पडलेला आहे आणि प्रत्येकाला वाटतं की त्याचे स्पीकर नव्या रिसीव्हरला लावून पैसे वाचवू. ते उलटून बघा. पुष्कळदा ३ किंवा ४ ओहम लिहिलेलं असतं. ते त्यांच्या स्वतःच्या यंत्रासाठीच बनवलेले असतात. नव्या रिसीव्हरमधून त्यांत जास्त प्रवाह वाहतो, पेटी तापते आणि एक दिवस जळका वास येतो. त्या सेटचा सबवूफरही निरुपयोगी. त्याला वीज जोडायची वायर नसते, तो तारेवरच वाजतो, आणि रिसीव्हरच्या सबवूफर खाचेतून ताकद येत नाही, नुसता इशारा येतो. तिथं स्वतःचा अॅम्प्लिफायर पोटात असलेला सबवूफरच लागतो. असाच दुसरा प्रकार म्हणजे स्वयंपाकघरात आणखी एक स्पीकर हवा म्हणून त्याच टर्मिनलवर दुसरी तार जोडणं. आठ ओहमचे दोन असे जोडले की रिसीव्हरला ते चार ओहम दिसतात.

खोक्यात छोटा माइक आहे का, हेही विचारा. यामाहा त्याला वायपीएओ म्हणते, डेनॉन ऑडिसी, ओंक्यो ॲक्यूईक्यू. नावं वेगळी, काम एकच: प्रत्येक स्पीकरमधून खरखर वाजवून तो तुमच्यापासून किती लांब आहे, किती मोठ्यानं वाजतो हे मोजायचं आणि खोलीला साजेसं जुळवायचं. काही कंपन्यांच्या अगदी खालच्या मॉडेलात हा माइक नसतो. दोन-चार हजार वाचतात, पण नवख्या माणसानं वाचवू नयेत. हातात टेप घेऊन हेच काम करता येतं, तरी पहिल्या महिन्यात कुणी करत नाही आणि मग वाईट आवाजाचा दोष यंत्राला लागतो.

माइकनं मोजताना पंखा बंद, कुकरची शिट्टी नको, माइक हातात धरायचा नाही. सोफ्यावर आपण बसतो तिथं, कानाच्या उंचीवर, कॅमेऱ्याच्या तिपाईवर लावायचा. मोजून झाल्यावर मेन्यू उघडून दोन गोष्टी तपासा. स्पीकर ‘लार्ज’ दाखवले असतील तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे खर्ज सबवूफरकडे जाईल आणि लहान स्पीकरचा जीव वाचेल. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर बदलू नका. त्याच्या आतल्या सर्किटमध्ये आवाज किंचित उशिरा निघतो, तो उशीर यंत्रानं अंतरात मोजलेला असतो.

स्पीकर मांडायचं गणित जागतिक शिफारशीत आहे. आपण बसतो तिथून पुढचे दोन मध्यरेषेपासून ३० अंशांवर, मागचे ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागं, बाजूला. आपल्याकडे सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, तर मागचे स्पीकर बाजूच्या भिंतींवर लावा, डोक्यामागं नकोत. आणि खोलीचं ऐका. आपल्या घरांत खाली फरशी, चारी बाजूंना गिलावा, वर स्लॅब. टाळी वाजवली तर झणका येतो. सोफ्यापुढं जाड सतरंजी आणि खिडकीला वजनदार पडदा, एवढ्यानं संवाद जितके सुधारतात तितके दहा हजारांनी महाग रिसीव्हर घेऊन सुधारत नाहीत.

ॲटमॉसचं विचारल्याशिवाय कुणी माझ्या दुकानातून जात नाही. २०१२ साली पिक्सारच्या ‘ब्रेव्ह’ पासून हे तंत्र सिनेमागृहात आलं, आणि वरून येणारा पाऊस, डोक्यावरून जाणारं विमान खरंच वरून ऐकू येऊ लागलं. मला ते मनापासून आवडतं. पण घरात त्यासाठी किमान दोन स्पीकर छतात लागतात आणि रिसीव्हर सात चॅनेलचा लागतो. छतावर आवाज आपटवणारे स्पीकर मिळतात, त्यांना सपाट, कठीण आणि बेताच्या उंचीचं छत लागतं. कौलारू घरात त्यांचा उपयोग नाही, उतरत्या पत्र्याखालीही नाही. माझा निकाल साधा आहे: घर बांधून झालंय आणि छत फोडायची तयारी नाही, तर पाच चॅनेलचा चांगला रिसीव्हर घ्या, त्या पैशांत सबवूफर बरा येईल. घर बांधकामात असेल तर गिलावा होण्याआधी चारी कोपऱ्यांत आणि छतात एक इंची पीव्हीसी पाइप टाकून घ्या, आत ओढायची दोरी ठेवा. हा खर्च किरकोळ असतो. मग सात चॅनेलचं मॉडेल घ्यायला हरकत नाही.

माझ्या टेबलावर सर्वांत जास्त येतात ते उष्णतेनं आणि विजेनं मेलेले. रिसीव्हर टीव्हीच्या शोकेसमध्ये बंद काचेमागं ठेवतात, वर सेट-टॉप बॉक्स, त्यावर राउटर. वरच्या झाकणाला जाळी असते ती आतली गरम हवा बाहेर जायला. तिच्यावर विणलेला रुमाल घालणारी घरं आहेत. वर वीतभर जागा मोकळी सोडा आणि मागचा भाग उघडा ठेवा. दुसरं संकट वळवाचं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे वीज कडाडते तेव्हा डिशच्या तारेतून झटका सेट-टॉप बॉक्समध्ये शिरतो, तिथून एचडीएमआय केबलनं रिसीव्हरमध्ये. एचडीएमआयचं कार्ड जळतं आणि ते कार्ड कधी महाग पडतं, कधी मिळतच नाही. आभाळ भरून आलं की प्लग काढाच, पण डिशची तारही काढा. घराला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

कोणती कंपनी, हा प्रश्न मी शेवटी घेतो. यामाहा, डेनॉन, सोनी, ओंक्यो, सगळ्यांचे सुरुवातीचे रिसीव्हर नीट वाजतात, त्यांत डोळे मिटून फरक सांगणारा कान मला अजून भेटलेला नाही. फरक पडतो तो सेवेत. ओंक्योसारख्या नावाजलेल्या जपानी कंपनीनं २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तो ब्रँड दुसऱ्यांच्या हातात जाऊन यंत्रं पुन्हा बाजारात आली, पण मधल्या काळात सुट्या भागांसाठी माझ्या गिऱ्हाइकांना वाट बघावी लागली. म्हणून दुकानात विचारा, की वॉरंटीत बिघडला तर यंत्र कोल्हापुरातच दुरुस्त होतं, पुण्याला जातं की मुंबईला, आणि नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा. उत्तर बिलावर लिहून मागा.

जुना घ्यायचा विचार असेल तर तोही वाईट नाही, फक्त चालू अवस्थेत अर्धा तास ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रत्येक एचडीएमआय खाच लावून बघा, पाचही टर्मिनलवर एकच स्पीकर फिरवून आवाज येतो का पाहा, झाकणाच्या स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर यंत्र आधी उघडलेलं आहे असं समजा. माइक आणि रिमोट हरवलेला असेल तर त्याचे पैसे कमी करून घ्या.

कागलच्या घरी मी स्वतः जोडणी करून आलो. पाच चॅनेलचा, फिरकीच्या टर्मिनलचा, माइकवाला रिसीव्हर, पुढे तीन स्पीकर, कोपऱ्यात सबवूफर. ‘सैराट’ लावला. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजलिसच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. ती व्हायोलिनं आणि ढोल एकमेकांत न कालवता ऐकू येतात का, हे बघायला मी हाच सिनेमा लावतो. सर गाण्यावर खूष होते. मी आजींकडे बघत होतो. गाणं संपून बोलणं सुरू झालं तरी कुणी रिमोट उचलला नाही. रात्री उशिरा बघताना आवाजाचे चढ-उतार दाबणारा नाइट मोड कुठं आहे, ते मी मॅडमना दाखवून ठेवलं.

तुम्ही खरेदीला निघाल तेव्हा एका कागदावर खोलीची लांबी-रुंदी, टीव्हीचा मॉडेल नंबर, आणि घरात असलेल्या स्पीकरचे ओहम लिहून न्या. दुकानात ढिशुम-ढिशुमचा डेमो लावतील, तो थांबवून दोन माणसं हळू बोलतायत असा एखादा प्रसंग लावायला सांगा. पेटी फिरवून दाखवायला सांगा, आणि जो दाखवायला कंटाळतो त्याच्याकडून घेऊ नका. घरी आणल्यावर पुठ्ठ्याचं खोकं आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा. सात-आठ किलोचं यंत्र त्याशिवाय कुरिअरनं पाठवलं तर ते वाटेतच मोडतं, आणि त्या मोडतोडीला वॉरंटी लागू होत नाही.